होडीवर माणसं दोन

"दोन मान्सा. लिव, बाय."

फोनवर हॅलो नाही, नाव नाही, होडीचा नंबर तर नाहीच. बाकीचे होडीवाले आधी नंबर सांगायचे, मग कुठल्या बाजूला निघालो ते, मग माणसं किती. काका थेट शेवटच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचे आणि मी लिहून घेते की नाही याची वाट बघत थांबायचे. मी "लिहिलं, काका" म्हटलं की पलीकडून एकदा घसा खाकरल्याचा आवाज यायचा आणि फोन बंद. दोन वर्षं रोज एवढंच संभाषण. तुमच्याही ओळखीत असा कुणी असेल, ज्याच्याशी तुम्ही मोजून चार शब्द बोलता आणि ज्या दिवशी ते चार शब्द होत नाहीत त्या दिवशी जेवण गोड लागत नाही.

मी तेव्हा ठाण्यात, खोपटच्या एसटी डेपोपासून पाच मिनिटांवरच्या एका सरकारी कचेरीत कंत्राटी ऑपरेटर होते. काम असं की खाडीत मासेमारी करणाऱ्या लहान होड्यांवर एकेक यंत्र बसवलेलं, डब्याएवढं, वर छोटा सौर पत्रा. त्या यंत्रामुळे होडी कुठे आहे ते माझ्यासमोरच्या पडद्यावर दिसायचं. प्रत्येक होडी म्हणजे एक हिरवा ठिपका. निघताना होडीवाल्यानं फोन करून माणसं किती ते सांगायचं, परत आल्यावर पुन्हा फोन करायचा. समुद्रातल्या मोठ्या बोटींसाठी हे आधीपासून होतं. आमच्याकडे खाडीसाठी प्रयोग म्हणून सुरू झालेलं, म्हणजे खुर्ची एक, पडदा एक, फोन एक आणि त्यांच्यासमोर मी एक. साहेब शेजारच्या खोलीत. निवृत्तीला तीन वर्षं राहिलेला, कुणाचं वाईट न चिंतणारा आणि कुठल्याही कागदावर घाईनं सही न करणारा माणूस.

काकांचा फोन रोज वेगळ्या वेळी यायचा. भरती रोज पाऊण तासानं पुढे सरकते हे मला नोकरी लागेपर्यंत माहीत नव्हतं. मी ठाकुर्लीच्या चाळीत वाढलेली, खाडी पाहिलेली ती पुलावरून जाताना, तीही नाकाला रुमाल लावून. काकांच्या फोनवरून मला भरती कळायला लागली. आज सव्वाआठला आला म्हणजे उद्या नऊच्या सुमारास येणार. मग मी नऊला चहा सांगायची नाही, हात मोकळे ठेवायची. आता हसू येतं, पण तेव्हा माझ्या दिवसाला दुसरं काही वळणच नव्हतं. आई दोन वर्षांपूर्वी गेलेली, भाऊ बदलापूरला संसार थाटून बसलेला, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर मला कोणी काही विचारायचं नाही. सकाळी निदान एक माणूस मला 'लिव' म्हणायचा.

काकांना पहिल्यांदा पाहिलं ते यंत्र बसवायच्या वेळी. ठाण्याच्या खाडीकाठचं जुनं ख्रिस्ती कोळ्यांचं गाव. आता चहूबाजूंनी टॉवर उभे राहिलेत आणि गाव मध्ये चेपून बसलंय. धक्क्यावर एक क्रूस आहे, त्याच्या पायाशी मेणबत्तीचं मेण साचलेलं. तिथे ते उभे होते, बुटके, काळेशार, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट आणि इस्त्रीचा पांढरा शर्ट. सरकारी माणसं येणार म्हणून शर्ट घातला असावा असं मला वाटलं. नंतर कळलं, ते होडीवर जातानाही इस्त्रीचाच शर्ट घालतात आणि काठावर आल्यावर काढून खुंटीला अडकवतात.

आमच्या तंत्रज्ञानं यंत्र पुढच्या फळीजवळ बसवायला घेतलं तर ते म्हणाले, "तिथं नको. तिथं बसतात."

"कोण बसतं?"

"माझी बायको."

तंत्रज्ञ हसला. कोळी बाया मासे विकायला जातात, होडीवर जात नाहीत, हे त्यालाही माहीत होतं. काका त्याच्याकडे न बघता मला म्हणाले, "पोऱ्या नाय आमाला. एक पोरगी, ती लगीन होऊन गेली. मंग होरी कोन धरनार? ती धरते, मी जालं खेचतो." खाडीत ओढीच्या पाण्यात एकानं बांबू रोवून होडी स्थिर धरायची आणि दुसऱ्यानं खुंटाला बांधलेलं जाळं उचलायचं, अशी पद्धत. एकट्यानं ते काम होत नाही असं नाही, पण एकट्यानं करणाऱ्याची कंबर आणि होडी दोन्ही लवकर जातात. यंत्र मागच्या बाजूला बसलं.

आमच्या फॉर्ममध्येही तोच हिशेब होता. होडीवर कमीत कमी दोन माणसं हवीत. एक भरलं की फॉर्म पुढे सरकायचाच नाही, लाल अक्षरांत 'परवानगी नाही' असं यायचं. एकट्यानं पाण्यात जाऊ नये म्हणून केलेला नियम, आणि चांगलाच नियम. प्रत्येक माणसाला फोटोचं कार्ड, होडीवाल्यानं अर्जासोबत दिलेल्या फोटोवरून बनवलेलं, त्यावर स्कॅन करायचा चौकोन. काकांच्या होडीवर दोन नावं होती. त्यांचं स्वतःचं आणि मार्था, वय त्रेसष्ट, नातं पत्नी. संकटाच्या वेळी कुणाला कळवायचं, त्या रकान्यातही मार्थाचाच मोबाइल.

वर्षभरानं पडताळणी निघाली. गावोगाव जाऊन कार्डं स्कॅन करायची, समोर माणूस आहे ना ते बघायचं, 'उपस्थित' असं बटण दाबायचं. धक्क्यावर ताडपत्रीखाली टेबल मांडून मी बसले. काका रांगेत शेवटचे. दोन कार्डं टेबलावर ठेवली, पत्त्यांतली राजा-राणी ठेवावीत तशी, शेजारी शेजारी, सरळ करून. मी पहिलं स्कॅन केलं, हिरवी खूण. दुसरं केलं, हिरवी खूण.

"काकू कुठायत?"

"बाजारान गेली."

"बोलवा ना. समोर लागतात."

"बाजार लांब हाय," ते म्हणाले आणि कार्डाकडे बघत उभे राहिले. घाई नाही, विनवणी नाही. मागे कुणी नव्हतं. ऊन मरणाचं होतं. मी 'उपस्थित' दाबलं. सरकारी कामात अशी बटणं दिवसाला पन्नास दाबली जातात, त्यातलंच एक, असं मी स्वतःला सांगितलं.

सामान आवरताना शेजारची मासेवाली बाई माझ्या बाटलीत पाणी भरून द्यायला आली. माझ्या टेबलाकडे बघून हळूच म्हणाली, "मार्थाचा कार्ड चालला का?"

"चाललं. का?"

"ती कवाच गेली गो. साथीत. दुसऱ्या वर्साला."

मग तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. दोघांनाही एकाच दिवशी ताप. काकांना एका केंद्रात नेलं, मार्थाला दुसरीकडे इस्पितळात. काका अकरा दिवसांनी बाहेर आले तेव्हा सगळं आटोपलेलं. त्या दिवसांत सगळ्यांचं एकाच जागी, एकाच रीतीनं, दहन करून उरकत होते, तसं तिचंही झालं. जावई तेव्हा स्वतः आजारी, मुलगी दाराबाहेर पडू शकत नव्हती. गावच्या कब्रस्तानात चार पिढ्यांच्या कबरी आहेत, मार्थाची नाही. "त्याला कोनी दाखवलीच नाय ती," बाई म्हणाली. "मरनाचा दाखला पोरीकरे हाय. हा हातान घेत नाय."

माझी आई गेली तेव्हा मी इतकी रडले होते की मला वाटायचं यापुढे रडण्यासारखं काही उरलं नाही. पण आईचं सगळं रीतसर झालं होतं. चाळ लोटली होती. पुण्यानुमोदनाला विहारात जागा पुरली नाही म्हणून माणसं पायऱ्यांवर बसली होती. जो तो येऊन आईची एकेक गोष्ट सांगत होता, काही तर मलाही माहीत नसलेल्या. त्या रात्री झोपताना आई मेली आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. काकांना ते कुणीतरी सांगितलं होतं, पण ठाऊक झालेलं नव्हतं. कचेरीच्या जीपमध्ये मी हाच विचार करत बसले आणि साहेबांना काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी फोन आला. "दोन मान्सा. लिव, बाय."

मी लिहिलं नाही. म्हटलं, "काका, आज एक लिहू का?"

वाऱ्यात त्यांचा घसा खाकरल्याचा आवाज आला.

"एक लिवलास तं मना जाऊ देनार का?"

"नाही. पडदा घेत नाही."

"मंग घरी बसून करू काय?"

"दुसरं कुणी नाही का बरोबर न्यायला? पुतण्या, भाचा?"

"दुसरा कोनी तिच्या जाग्यावर बसनार नाय," ते म्हणाले. मग आवाज अगदी साधा करून, मला समजावल्यासारखं म्हणाले, "मी तिला गेलेली बघितली नाय ना, बाय. न बघता कसा लिवून देऊ?"

मी दोन लिहिलं. त्यानंतर रोज लिहीत गेले. शहाण्या माणसानं काय करायला हवं होतं ते मला कळत होतं, आणि तुम्हालाही कळत असेलच. पण ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, आणि मी एकटी राहणारी बाई होते. रोज सकाळी हिरवा ठिपका गावाच्या धक्क्यावरून सुटायचा, पुलाखालून जायचा, आणि मला वाटायचं की एवढ्या मोठ्या खाडीत दोन रकाने भरले म्हणून कुणाचं काय बिघडणार आहे.

हळूहळू चार शब्दांचे आठ झाले. मी विचारायची, "आज काय मिळेल?" ते म्हणायचे, "पानी घानेरा, निवट्या मिलतील." किंवा, "तुमचे टॉवरवाले सगला सोरतात खारीन, मासली कशी राहील?" जणू टॉवर मीच बांधले होते. एकदा मी सर्दीमुळे दोन दिवस आले नाही. तिसऱ्या दिवशी मी फोन उचलल्यावर त्यांनी आधी माणसांचा आकडा सांगितलाच नाही. मग म्हणाले, "दोन दिस दुसरी बाय व्हती. ती नंबर मागते." हे त्यांच्या परीनं माझ्या तब्येतीची चौकशी करणं होतं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांच्यात मेलेल्यांचा दिवस असतो. कबरी धुतात, फुलं घालतात, मेणबत्त्या लावतात. त्या दिवशी गावातली एकही होडी निघत नाही. पडद्यावर सगळे ठिपके धक्क्याला चिकटून होते. सकाळी दहाला फोन आला.

"काका, आज कोणीच जात नाहीये. तुमच्यात तो दिवस आहे ना?"

"सगल्यांची मान्सा कब्रस्तानान हायत," ते म्हणाले. "माझा तिथं काय काम? दोन मान्सा. लिव."

त्या दिवशी ठिपका कुठल्या खुंटाजवळ थांबला नाही. खाडीच्या मधोमध जाऊन थांबला आणि चार तास तिथेच राहिला. मी डबा खाल्ला, दोन अर्ज टाईप केले, पुन्हा बघितलं, ठिपका तिथेच. यंत्र बिघडलंय का म्हणून साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, माणूस बसलाय.

पुढच्या पावसाळ्यानंतर ठाण्याच्या बाजूला मासळी फारच कमी झाली, म्हणून काका वर जायला लागले. मुंब्र्याच्या पुढे, डोंबिवलीच्या काठापर्यंत. तिथे त्यांना कोणी ओळखत नव्हतं. मी एकदा म्हटलं, एवढ्या लांब नको. म्हणाले, "मशीन हाय ना तुजा. बगतस ना?" मी म्हटलं, बघते.

आणि मी बघत होते. डिसेंबरातली सकाळ होती, साडेदहा वाजलेले. ठिपका थांबला होता तो एकदम लाल झाला आणि पडदा वाजायला लागला. यंत्र पाण्याखाली गेलं की असं होतं. काकांच्या फोनवर रिंग जाईना. पुलाच्या कामाच्या लोखंडी सळया त्या भागात पाण्याखाली उभ्या असतात, ओहोटीला होडी त्यांवर जाऊन पालथी झाली होती, हे नंतर कळलं. साहेब माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले. अशा वेळी काय करायचं ते भिंतीवर चिकटवलेलं होतं. अग्निशमनला फोन, जागा सांगा, माणसं सांगा. मी फोन लावला, जागा सांगितली आणि पडद्यावर जे होतं ते वाचलं. माणसं दोन. पुरुष एक, वय अडुसष्ट. बाई एक, वय त्रेसष्ट, नाव मार्था.

वाचताना जीभ अडखळली नाही. साहेब मागे होते, 'उपस्थित'चं बटण माझ्या नावावर होतं, आणि मी घाबरले. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही. वर स्वतःला म्हटलं, आधी काका सापडू देत, मग सांगू.

वीस मिनिटांत काका सापडले. एका खुंटाला मिठी मारून होते, शुद्धीवर. तिकडून फोन आला. मी तोंड उघडणार तेवढ्यात पलीकडचा माणूस म्हणाला, "त्यांना विचारलं, बरोबर कोण होतं. मार्था म्हणाले. आम्ही शोधतोय. घरच्यांना कळवा." संकटाच्या वेळी कळवायच्या नंबरावर मी फोन लावला. हा नंबर अस्तित्वात नाही, असं एक बाई तीन भाषांत सांगत राहिली.

साहेब म्हणाले, "तू ओळखतेस ना त्यांना? गाडी घेऊन जा."

गाडीत तरी सांगायला हवं होतं. शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये सव्वा तास अडकले, फोन हातात होता, आणि मी वाक्यं जुळवत राहिले. कुठलंही वाक्य सुरू केलं तरी त्याचा शेवट माझ्यापाशीच येत होता.

पोचले तेव्हा काठावर जत्रा जमली होती. अग्निशमनच्या दोन रबरी होड्या पाण्यात, गावातल्या आगऱ्यांच्या तीन होड्या, रेतीवर काम करणारी माणसं कमरेएवढ्या चिखलात उतरलेली, बाया पदर खोचून झुडपांत शिरलेल्या. एक माणूस कर्ण्यावरून ओरडत होता, "मार्थाताई, आवाज द्या." पलीकडच्या काठावरून उत्तरादाखल दुसऱ्या हाका येत होत्या. "मार्थाबाय ओ." तिला कधीही न पाहिलेली माणसं, जणू घरचीच बाई हरवलीय अशी हाका घालत होती. एक म्हातारी गुडघाभर पाण्यात उभी राहून एकाच जागेकडे बघत म्हणत होती, "ये गं बाय, वर ये."

काका काठावर दगडावर बसले होते, अंगावर कुणीतरी दिलेली चादर. मी शेजारी बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, ओळखलं, आणि पुन्हा पाण्याकडे वळले. चेहरा घाबरलेला नव्हता, वेडापिसाही नव्हता. ते कान देऊन ऐकत होते.

"काका," मी त्यांच्या कानाशी म्हटलं, "सांगा ना त्यांना."

त्यांनी चादर कानांवरून खाली ओढली.

तेवढ्यात अग्निशमनच्या एका जवानाला दोघांनी धरून आणलं. कालवांच्या धारेवर त्याचा पाय तळव्यापासून घोट्यापर्यंत चिरला होता. दात आवळून तो म्हणत होता, "बांधा पटकन, त्या झाडीमागे अजून बघितलं नाहीये." ते ऐकल्यावर मात्र मी उठले. त्यांच्या अधिकाऱ्यापाशी गेले.

"साहेब, शोध थांबवा. ती नाहीये."

"सापडली?"

"नाही. ती बरोबर नव्हतीच. ती काही वर्षांपूर्वी वारली. मला माहीत होतं."

तो माझ्याकडे बघत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं शिरस्त्राण काढलं, कपाळ पुसलं आणि शिट्टी वाजवली. हाका एकदम थांबल्या नाहीत. आधी कर्णा थांबला, मग काठावरच्या बाया, मग चिखलातली माणसं. सर्वांत लांबच्या होडीला शिट्टी ऐकू गेली नसावी. तिथला एक माणूस पुढची दोन-तीन मिनिटं एकटाच हाका मारत होता, मग तोही थांबला.

पुढचं सगळं नियमानं झालं. जवानाच्या पायाला अठरा टाके पडले. मी पेढ्यांचा पुडा घेऊन त्याला भेटायला गेले. तो म्हणाला, ताई, माणूस नव्हतं हे चांगलंच ना. त्यानं मला आणखी मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी चौकशी झाली आणि कंत्राट पुढे वाढवलं नाही. ते योग्यच होतं, मला त्याबद्दल तक्रार नाही. आता मी कल्याणला एका शाळेच्या कचेरीत दाखले लिहिते. दाखल्यावरचं मूल समोर उभं असल्याशिवाय सही करत नाही. मुख्याध्यापिका मला चक्रम समजतात.

काकांच्या होडीची नोंदणी रद्द झाली. मार्थाचा मृत्यूचा दाखला मुलीनं कचेरीत आणून दिला. पडद्यावर मार्थाच्या नावापुढची हिरवी खूण गेली आणि नियमाप्रमाणे होडीवर एकच माणूस उरला, म्हणजे होडी बाद. होडी काकांनी गावातल्या एकाला देऊन टाकली. मुलगी त्यांना कल्याणला घेऊन गेली, पाचव्या मजल्यावर. माझ्या शाळेपासून तो पत्ता रिक्षानं दहा मिनिटांवर आहे. मी मुलीला दोनदा फोन केला. ती चांगलं बोलली. म्हणाली, पप्पा जेवतात, टीव्ही समोर बसतात, बोलत नाहीत. या कधी, म्हणाली. मी अजून गेलेले नाही. त्या पत्त्याची चिठ्ठी पर्समध्ये आहे आणि रोज संध्याकाळी मी त्याच रस्त्यानं ठाकुर्लीला घरी येते.

त्यांना शेवटचं पाहिलं ते माझ्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात. यंत्र सरकारचं, ते काढून आणायचं होतं. तंत्रज्ञ म्हणाला, मी एकटा जातो. मी म्हटलं, मी येते.

होडी दुरुस्त करून धक्क्यावर ओढून ठेवली होती. काका शेजारी बसून तिच्या फळीला नवा रंग देत होते. दुसऱ्या दिवशी नवा मालक ती न्यायला येणार होता. अंगात जुना गंजीफ्रॉक. तंत्रज्ञ स्क्रू काढायला लागला. मी काकांसमोर उकिडवी बसले आणि पाठ केलेलं बोलले. चूक माझीच, म्हटलं. मी आधी बोलायला हवं होतं, तुम्हाला समजावायला हवं होतं, त्या दिवशी तरी पहिल्या मिनिटाला सांगायला हवं होतं. मला माफ करा.

त्यांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला.

"ती गेली तवा तिच्याजवल कोन व्हता, मना ठाव नाय," ते म्हणाले. "मी नव्हतो. पोरगी नव्हती. फादर नव्हता. कोनी तिचा नाव तरी घेतला का, ठाव नाय. इस्पितलान नंबर दिलेला, तं नंबरच बोलले असतील."

त्यांनी धक्क्यावरच्या क्रुसाकडे एकदा बघितलं.

"आनि त्या दिसाला, बाय, किती मान्सा. दोन्ही काठांवर. वल्खीची ना पाल्खीची. सगली तिचा नाव घेत व्हती." त्यांनी हात पसरून काठ दाखवला, जणू ते सगळे अजून तिथे उभे होते. "मी बोलनार व्हतो. तोंड उघरला पन व्हता. पन तवा कोनीतरी जोरान हाक मारली तिला. मंग मी बोललो, अजून एक होऊ दे."

तंत्रज्ञानं यंत्र काढून माझ्या हातात दिलं. आत पाणी गेलेलं, ते हलवलं की वाजत होतं.

"त्या पोराचा पाय कापला," काका म्हणाले. "ता वंगाल झाला. तू त्यांना थांबवलास, बरोबर केलास."

मी उठले. त्यांनी ब्रश पुन्हा हातात घेतला, रंगात बुडवला, डब्याच्या कडेला निथळत ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"पन मना अजून थोरा ऐकाचा होता."